येळवशीला किल्ला बघायला निघालो

मार्गशीर्ष उतरणीला लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. कॉलेजच्या फाटकाबाहेर हातगाड्यांवर हरभऱ्याचे ढाळे येतात, ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात, सकाळी गोदावरीचा पूल ओलांडताना स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं झाकावी लागतात. स्टाफरूममध्ये कुणीतरी डब्यातून हुरडा आणतं, सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि सगळे एकाच पेपरावर हात मारतात. ‘मॅडम, घ्या की,’ म्हणतात. घेते. चव तीच आहे. पण ते कोवळे दाणे दाताखाली आले की गेल्या वर्षीचा तो शनिवार आठवतो, आणि उरलेला दिवस मी ज्याच्या त्याच्यावर खेकसत काढते.

त्या शनिवारी मी माझ्या मैत्रिणीला किल्ले दाखवायला निघाले होते.

नीलिमा पुण्याची. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, एकाच बादलीत कपडे भिजवले आणि एकीच्या परीक्षेला दुसरीने जागून चहा केला. पुढे ती बँकेत लागली, मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. मग फोन. फोनवर आम्ही एकमेकींची लग्नं, बाळंतपणं, सासवांची आजारपणं सगळं निभावलं. ती माझ्या घरी मात्र कधी आली नव्हती. ‘बघण्यासारखं काय आहे गं तुमच्याकडे?’ हे ती वसतिगृहात असल्यापासून विचारायची. तेव्हा मी उशी फेकून मारायचे. पुढे पुढे उशी हाताशी नसायची आणि उत्तरही.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि तिचा फोन आला. ‘नंदे, प्रमोशन आलंय. पण तीन वर्षं नांदेडला काढावी लागतील. नाही म्हटलं तर इथेच राहता येईल, आहे त्या खुर्चीत.’

मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

माझा नवरा गेला त्याला आता काही वर्षं झाली. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. संध्याकाळी कॉलेज सुटलं की घरात माझ्याशी बोलायला टीव्हीशिवाय कुणी नसतं. भाजीवाल्याशी मी कोथिंबिरीवरून वाद घालते तो कोथिंबिरीसाठी नसतो, तेवढाच जरा आवाज होतो म्हणून घालते. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच आहेत. पोरं पुण्याला, म्हातारी माणसं इथे, आणि मधे रेल्वेचं आरक्षण. इकडून तिकडे जाणारी माणसं मी पोत्याने पाहिली आहेत. तिकडून इकडे राहायला येणारं एकही पाहिलं नव्हतं. आणि आता कुणी येणार होतं तर ती नीलिमा! मला ती हवी होती. इतकं साधं होतं ते.

‘नवरा म्हणतो, तुझं तू ठरव,’ ती म्हणाली. ‘मी असं करते, एक शनिवार-रविवार येते. तू मला तुमचा भाग नीट दाखव. सोमवारी मला बँकेला होय-नाही कळवायचंय.’

म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते. मी झपाटल्यासारखी तयारीला लागले. शनिवारी नांदेडहून निघून अहमदपूर, चाकूर करत लातूर, तिथली गंजगोलाई, मग औशाचा किल्ला, मुक्काम लातूरला. रविवारी परतताना कंधारचा किल्ला, संध्याकाळी गुरुद्वारा, नदीचा घाट, आणि मग तिची गाडी. वाचनालयात बसून मी दोन्ही किल्ल्यांवरचं मिळेल ते वाचून काढलं. राष्ट्रकूट, बहामनी, निजामशाही, सगळं तोंडपाठ. बघण्यासारखं काय आहे म्हणते ना, बघच आता, अशा ईर्ष्येने मी त्या आठवड्यात गाडीसुद्धा धुऊन घेतली.

आणि एवढं सगळं करून मी येळवस विसरले. विसरले म्हणणंही खोटं आहे. चाकूरची मुलगी येळवस विसरेल कशी? मी कॅलेंडर बघितलं होतं. अमावास्या शनिवारी सकाळी उशिरा लागून रविवारी सकाळी संपत होती आणि छापणाऱ्याने काळा गोळा रविवारच्या चौकोनात टाकला होता. रविवारी आपण कंधारला असू, मग काही अडचण नाही, असा मी हिशेब केला. येळवस कधी हे आमच्याकडे कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारत नाही. शेतात दुपारचं जेवण होतं, तेव्हा ज्या दुपारी अमावास्या ती येळवस, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नांदेडच्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं राहून मला तेवढं कळेनासं झालं होतं.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांना सांगते. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. त्या दिवशी लातूरकडची झाडून सगळी माणसं शेतात जेवतात. शेत असलेला स्वतःच्या शेतात, नसलेला दुसऱ्याच्या. शहरं अक्षरशः ओस पडतात. दुकानं बंद, हॉटेलं बंद, रिक्षा बंद. आणि रस्त्याने जाणारं कुणी उपाशी दिसलं, किंवा उपाशी नसलं तरी नुसतं दिसलं, की त्याला धरून शेतात नेतात. अशा दिवशी मी पुण्याच्या पाहुणीला लातूर शहर दाखवायला निघाले होते!

लोहा सोडलं तेव्हाच मला शंका आली. रस्त्याच्या कडेने बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालल्या होत्या, टोपल्यांवर धुतलेली पांढरी फडकी. मोटारसायकलवर नवरा-बायकोच्या मधे आंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहानशी घागर. पोरं नव्या कपड्यात. एका ट्रॅक्टरमध्ये आख्खी भावकी. नीलिमा खिडकीची काच खाली करून बघत होती. ‘कसली जत्रा आहे गं?’

‘जत्रा नाही,’ मी म्हणाले, आणि पायाखालचा ॲक्सिलेटर दाबला.

अहमदपूरच्या अलीकडे एक फेटेवाले गृहस्थ रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते. मला वाटलं अपघात झालाय. करकचून ब्रेक दाबला.

‘काय झालं?’

‘कुठं काय झालं? उतरा, जेवून जावा.’

‘आम्हाला लातूरला जायचंय हो, उशीर होतोय.’

‘लातूरला कोन हाय आज? समदं लातूर शेतात हाय. उतरा, उतरा.’

नीलिमा तोवर उतरलीसुद्धा होती. तिला मोठी गंमत वाटत होती. बांधावर त्यांच्या घरच्यांनी आम्हाला बसवलं, पत्रावळीवर भज्जी आली. भज्जी म्हणजे ओल्या शेंगांचे सगळे दाणे, चिंच, बेसन आणि हाताला लागेल ती पालेभाजी घालून रटरट शिजवलेला दाट प्रकार. त्यात बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, कुस्करायचे. वर आंबील. मी पाच मिनिटांत उरकून उठणार तेवढ्यात त्या गृहस्थांनी विचारलं, ‘माहेर कुठलं म्हनायचं तुमचं?’ मी बेसावधपणे खरं सांगितलं, आणि तिथेच घात झाला. गाडी पुन्हा रस्त्याला लागून थोडी पुढे गेली नाही तोच माझ्या भावाचा फोन.

‘आक्का, शरणार्थ,’ त्याने आमच्याकडचा नमस्कार घातला. ‘अहमदपूर सोडलंस म्हनं.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘आगं, तू जेवलीस ते आपल्या महादेवीच्या मावसभावाचे व्याही हायती. त्यांच्या शेतात जेवलीस आन् आपल्या शेताला न्हाई येनार व्हय?’

शिवराज माझा धाकटा भाऊ. चाकूरला त्याचं किराणा दुकान आहे आणि गावापासून जवळच आमचं वडिलोपार्जित शेत. महादेवी त्याची बायको. त्या फोनला नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. मी नीलिमाला म्हणाले, ‘फक्त दहा मिनिटं. नुसतं तोंड दाखवू आणि निघू.’ आमच्या भागात येळवशीला कुणी दहा मिनिटांत सुटलेलं नाही, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले.

आता हे लिहिताना ते शेत समोर दिसतं आणि जीव चुकचुकतो, कारण ते सुरेख होतं आणि मी ते बघितलंच नाही. कंबरेच्या वर आलेली ज्वारी, तिच्या पानांची सतत सळसळ. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब, ते आंबट दव, पायांना लागत होती. ज्वारीच्या मधे कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, तिच्यावर शिवराजच्या लग्नातली जरीची शाल, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड. ते पांडव. मी पोचले आणि शिवराज आंबिलीचा तांब्या घेऊन कोपीभोवती फिरायला लागला, ज्वारीच्या ताटांवर आंबील शिंपडत, आणि मागून सगळे ‘ओलगे ओलगे’ म्हणून ओरडत. हा घोष कानडी आहे म्हणतात. ओरडणाऱ्यांपैकी कुणाला त्याचा अर्थ येत नाही आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. नीलिमाने मोबाईल काढला. मी घड्याळाकडे बघत होते.

जेवायला बसल्यावर खरी गंमत सुरू झाली. गंमत तेव्हा कुणाला वाटली असेल त्याला वाटो.

‘पुन्याच्या हायती व्हय?’ महादेवीने नीलिमाच्या ताटात न विचारता आणखी एक उंडा टाकला. ‘तुमचं लई चांगलं हाय बगा, ताई. पुन्यात समदं हाय. दवाखाना म्हना, कालेज म्हना. इथं काय हाय?’

‘छान आहे की इथे,’ नीलिमा म्हणाली.

‘एक दिवसाला छानच हाय,’ शिवराज म्हणाला. ‘राहून बगा मंग. उन्हाळ्यात नळाला पानी कवा येईल ते सांगता येत न्हाई. आमच्या पोरीला पुन्याला धाडायलो यंदा. तिच्यापुरती खोली बगा की कुठं, तुमच्या वळखीत.’

‘आन् नोकरीचं बी,’ महादेवी म्हणाली.

‘बघते,’ नीलिमा म्हणाली. ‘मला नंबर द्या तिचा.’

मी ताटावरून उठले. हात धुवायच्या निमित्ताने शिवराजला कोपीमागे बोलावलं आणि खालच्या आवाजात झापलं. ‘काय चाललंय तुमचं? ती इकडे राहायला यायचं ठरवतेय, आणि तुम्ही दोघं तिच्यापुढे पुण्याचे गोडवे गाताय?’

‘मंग पाव्हन्यापाशी खोटं बोलायचं का, आक्का?’

‘खोटं नको बोलू. गप्प बस. इथे काय आहे ते मी दाखवते तिला. त्यासाठीच निघालोय ना! औशाचा किल्ला बघायचाय अजून.’

शिवराजने माझ्याकडे असं बघितलं, जसं तो उधारी विसरलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतो. ‘किल्ला? किल्ल्यात राहनार हाय का ती?’

मी त्याला आणखी दोन शब्द सुनावले आणि गाडीकडे चालू लागले. महादेवी मागून पळत आली, हातात डबा, डब्यात तिळाच्या पोळ्या. नको नको म्हणताना तो डबा नीलिमाच्या मांडीवर आलाच. नीलिमा आभार मानत होती. महादेवीला आभार कशाचे ते कळत नव्हतं.

‘इथं काय हाय?’ हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलेय आणि त्याने दर वेळी माझं पित्त खवळतं. पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि वाढता वाढता आपल्याच गावाची इज्जत काढायची, ही आमची जुनी खोड. घरातलं चांगलं तेवढं ताटात, वाईट तेवढं तोंडात. नळाला पाणी येत नाही हे खरंच आहे. रस्त्याची कामं वर्षानुवर्षं चालू असतात हेही खरं. पण मार्गशीर्षातल्या दुपारी काळ्या रानावरून येणारं ते कोवळं ऊन, लांबवर एकाच वेळी दहा शेतांतून उठणारा तो ओरडा, अनोळखी बाईला नाव न विचारता आधी पत्रावळ देणारी माणसं, यांना कुठल्या खात्यात धरायचं? मी हे शिवराजला तेव्हा म्हणाले नाही. मला तेव्हा औशाचा किल्ला दिसत होता. आणि नीलिमालाही म्हणाले नाही, कारण मी गाडी चालवत होते आणि धुसफुसत होते.

लातूरमध्ये शिरलो तर खरोखर संचारबंदी. रस्त्यावर चार कुत्री आणि आम्ही. आख्ख्या मराठवाड्यातली पोरं शिकायला येतात ते हे शहर, क्लासच्या पाट्यांखाली सायकलींची रांग मावत नाही, आणि त्या दिवशी पाट्यांवरची हसऱ्या पोरांची चित्रं तेवढी हजर. गंजगोलाईला मी गाडी थांबवली. मधोमध ती गोल इमारत, देवीचं देऊळ, आणि चहूबाजूंना फुटलेले रस्ते. सगळी दुकानं बंद.

‘एरवी इथे पाय ठेवायला जागा नसते,’ मी म्हणाले. ‘त्या रस्त्याला सगळं सोनं. त्या तिकडे भुसार. तिकडे कापड. एरवी इथे कानडी, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषा ऐकू येतात.’

‘हो का?’ नीलिमा म्हणाली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिला जळजळायला लागलं होतं. दोन शेतांतली भज्जी पुण्याच्या पोटाला झेपली नव्हती. गोळी घ्यायला औषधाचं दुकान उघडं नव्हतं. त्या दोन दिवसांत मी ‘एरवी’ हा शब्द इतक्यांदा वापरला, की शेवटी तीच म्हणाली, ‘नंदे, मी तुमचं लातूर एरवी बघायला येईन हं कधीतरी.’ चेष्टेनेच म्हणाली. मला तो टोमणा वाटला.

औशाला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. हा किल्ला डोंगरावर नाही. सखल जागी आहे, त्यामुळे लांबून दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर एकदम खंदक आणि तटाची भिंत समोर येते. शत्रूला चकवायला तो असा बांधला, असं मी वाचलं होतं. आम्हालाही त्याने बरोबर चकवलं. आत जायची वेळ संपली होती, दरवाजा बंद. नियमच तसा, त्यात कुणाचा दोष नव्हता. दोष द्यायला कुणी सापडेना म्हणून मला आणखीच संताप आला. मी बंद दरवाजापुढे उभी राहून नीलिमाला आतल्या तोफांचं वर्णन ऐकवायला लागले. तोफ केवढी, बुरुज किती रुंद, पाण्याची व्यवस्था कशी. अंधारायला लागलं होतं. ती खंदकाच्या काठावर पदर कानांभोवती गुंडाळून उभी होती, आणि मी दरवाजाच्या आत असल्यासारखी बोलत होते.

‘थंडी वाजतेय गं,’ ती शेवटी म्हणाली.

यंदा शिवराजने पंधरा दिवस आधीच फोन केला. ‘आक्का, कॅलेंडर बगू नको, मी सांगन तवाच ये.’ मी येते म्हणाले. जायचंच आहे. पण त्या शेतात उभं राहिलं की मला त्या दुपारी घड्याळात बघणारी मी दिसणार, आणि तिला कोपीमागे ओढून एक लावून द्यावीशी वाटणार.

गेल्या वर्षी त्या रविवारी मात्र कंधार मिळालं. वाटलं, आता तरी नशीब उघडलं. सकाळचं ऊन, किल्ल्यात तुरळक माणसं, खंदकात हिरवं पाणी आणि त्यावर बगळे. दरवाजातून आत शिरताना गार वाटतं, मग एकदम मोकळं आकाश. मी सुरू झाले. राष्ट्रकूटांपासून. कुठल्या भिंतीवर फारसी लेख आहे, इथली एक मूर्ती किती प्रचंड होती, तिचे तुकडे अजून बघायला मिळतात, नुसतं पाऊल केवढं. नीलिमा ऐकत होती. म्हणजे मान हलवत होती. एका बुरुजावर चढलो, तिथून गाव दिसतं, गावापलीकडे तळं. तिने महादेवीचा डबा पिशवीतून काढला, तिळाची एक पोळी मला दिली, एक स्वतः घेतली. आम्ही भिंतीला पाठ लावून खात बसलो. वसतिगृहाच्या गच्चीवर बसायचो तशाच.

‘नंदे,’ ती म्हणाली, ‘मी नाही आले इकडे, तर तुला वाईट वाटेल का गं?’

हे असं ती विचारील असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे असं तोंडावर कुणी कुणाला विचारत नाही आणि विचारलं तर सांगत नाही. माझ्या आईने बाबांना कधी ‘लवकर या’ म्हटलेलं मी ऐकलं नाही, ती ‘भाकरी कवा टाकू’ विचारायची. मुलगा पुण्याला निघाला तेव्हा मीसुद्धा त्याला ‘जाऊ नको’ म्हणाले नाही, डब्यात चकल्या दाबून दाबून भरल्या. आणि ही पुण्याची बाई बुरुजावर बसून सरळ विचारते, जसं चहात साखर घालू का.

‘मला काय वाटायचंय?’ मी म्हणाले. ‘तुझी नोकरी, तुझं प्रमोशन. तू बघ.’ आणि हात झटकून उठले. ‘चल, तो पलीकडचा महाल बघायचा राहिलाय.’

ती उठली. महाल बघितला. तिने त्याचा फोटोही काढला. फोटोत मी नाही, मी शेजारी उभी राहून त्याचं बांधकाम सांगत होते.

नांदेडला परत आलो. गुरुद्वाऱ्यात गेलो, तिथल्या पांढऱ्या फरशीवर संध्याकाळ पडली होती, ती तिला खरंच आवडली. लंगरमध्ये बसलो तर पुन्हा वाढणारे आले. ती म्हणाली, ‘तुमच्याकडे माणसाला खायला घातल्याशिवाय सोडतच नाहीत का?’ दोघी हसलो. दोन दिवसांतलं ते पहिलं मोकळं हसू. मला वाटलं, जमतंय. घाटावर जायचं होतं ते मात्र राहिलं, गाडीची वेळ झाली. स्टेशनवर मी तिला नदी कशी आहे ते सांगत होते, जणू उद्याच ती राहायला येणार, इथे अमुक भागात घर चांगलं मिळतं, तमुक रस्त्याला भाजी ताजी असते. गाडी हलली तेव्हा मी पाण्याची बाटली खिडकीतून आत सारली. तिच्याकडे बाटली होती. मी तरी दुसरी दिली.

सोमवारी दुपारी वाचनालयात परीक्षेची पोरं भरली होती. अशा वेळी मी फोन आवाज बंद करून टेबलावर ठेवते. नीलिमाचं नाव दिसलं आणि मी दोन कपाटांच्या मधे जाऊन फोन उचलला.

‘नाही म्हणून कळवलं गं,’ ती म्हणाली. ‘आत्ताच.’

‘बरं,’ मी म्हणाले.

‘एवढंच? बरं?’

‘मग काय म्हणू?’ माझा आवाज चढला होता, मला कळत होतं. ‘बरोबरच आहे तुझं. इथे काय आहे? नळाला पाणी नाही, लातूर बंद, किल्ला बंद. आमचे लोकसुद्धा तुला तेच सांगत होते.’

‘तुझ्या भावजयीने काय सांगितलं त्याने मी ठरवलं नाही, नंदे. किल्ल्याने तर नाहीच.’ तिच्याही आवाजात काहीतरी होतं, ओलसर आणि चिडलेलं. ‘पाण्याबिण्याचं मी बघून घेतलं असतं. मी कशासाठी आले होते असं वाटतं तुला? तोफा बघायला? दोन दिवस मी वाट बघितली. कंधारला तर तोंडाने विचारलं. तू एकदाही मला ‘ये’ म्हणाली नाहीस.’

मला दिसायला लागलं सगळं एकदम, धुऊन घेतलेली गाडी, तोंडपाठ केलेले ते राष्ट्रकूट, बंद दरवाजापुढची ती तोफेची मापं, स्टेशनवरची ती दुसरी बाटली. मी कुठे आहे ते मी विसरले.

‘अगं बाई,’ मी ओरडलेच, आणि वाचनालयातली सगळी पोरं माना वर करून कपाटांकडे बघायला लागली, ‘मी दोन दिवस दुसरं काय म्हणत होते?’